दगडांखालचं घराणं

आधी पायाखालची माती बघा. आजूबाजूची जमीन फिकट, चुनखडीची. इथली माती मात्र काळी आणि भुसभुशीत. बोटांनी जरा उकरलंत की हेझलच्या फळांची जळकी टरफलं हाताला लागतील, खापरांचे तुकडे लागतील, गुरांची फोडलेली हाडं, गारगोटीच्या धारदार कपच्या. हा जुना उकिरडा आहे. शेजारी चुलीची भाजून लाल झालेली जागा आहे. पलीकडे गवत माजलंय, पण तिथे कधीकाळी पेरणी झाली होती. ही वस्ती उठून बराच काळ लोटलाय, आणि तरी आज इथे गर्दी आहे. दोरखंड, लाकडी पहारी आणि हरणाच्या शिंगांच्या कुदळी घेऊन माणसं जमली आहेत. आपल्या मेलेल्यांसाठी घर बांधायला त्यांनी ओसाड माळ निवडलेला नाही. जिथे माणसं जेवली, झोपली, जिथे चूल पेटली, तीच जागा त्यांनी निवडली आहे.

आज ज्याला इंग्लंड म्हणतात त्या देशात तुम्ही आहात, ग्लॉस्टरशर परगण्यातल्या कॉट्सवोल्ड टेकड्यांवर, हेझलटन नावाच्या खेड्याजवळ. अर्थात खेडं अजून नाही, परगणा नाही, नावंही नाहीत. इसवी सनापूर्वीचं ३७००वं वर्ष उलटून गेलंय, ३६५०वं यायचंय. गिझाचा मोठा पिरॅमिड उभा राहायला हजाराहून जास्त वर्षं आहेत. स्टोनहेंजचा पहिला खंदक खणायलाही अजून सहाशेच्या वर वर्षं जायची आहेत.

जवळ जाऊन त्यांचे चेहरे बघा. केस काळे, डोळे तपकिरी, कातडी सावळी. तुमच्या मनातल्या इंग्रजाशी हे रूप जुळत नाही. यांचे पूर्वज आजच्या तुर्कस्तानातले शेतकरी. भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पिढ्यान्‌पिढ्या सरकत त्यांचे वंशज फ्रान्सपर्यंत पोचले आणि इ.स.पू. ४०००च्या सुमारास होड्यांतून खाडी ओलांडून या बेटावर उतरले. गव्हाचं बियाणं, गुरं, मेंढ्या, डुकरं, सगळं त्याच होड्यांतून आलं. समोरची माणसं या बेटावर पेरणी करणाऱ्यांच्या पहिल्या दहा-बारा पिढ्यांतली आहेत. भोवताली ओक आणि हेझलचं रान आहे, त्यात रानबैल, लांडगे आणि अस्वलं आहेत. रान तोडून मोकळी केलेली ही टेकडी म्हणजे त्या हिरव्या विस्तारातली एक लहानशी जागा.

तुम्हाला लगेच कामाला लावतात. मेलेल्यांचं हे घर म्हणजे दगडांची एक लांब रास. तिच्यासाठी खडक लांबून आणायचा नाही, तो इथेच, रासेच्या दोन्ही अंगांना खणून काढायचा आहे. कॉट्सवोल्डचा चुनखडक थराथरांचा असतो. शिंगाची कुदळ दोन थरांच्या फटीत घालायची, मागून दगडाने ठोकायची, फट रुंदावली की पहार सारायची आणि सगळ्यांनी मिळून उचकटायचं. फरशी सुटते तेव्हा आतला दगड मधासारखा पिवळा दिसतो. पहिल्याच दिवशी तुमच्या तळहातांना फोड येतात. तुमच्या शेजारची बाई बारक्या फरश्या उचलून टोपलीत भरते आहे, तिच्या पाठीला झोळीत बांधलेलं पोर झोपलंय, आणि तिचा वेग तुमच्या दुप्पट आहे.

दगड नुसते ओतून ढीग करत नाहीत. आधी मधोमध, पश्चिमेकडून पूर्वेकडे, एक कणा आखतात. त्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कप्पा बांधत जातात. प्रत्येक कप्प्याला स्वतःची रचीव भिंत असते, माती-चुन्याशिवाय नुसत्या दगडावर दगड बसवलेली, कोकणात वाडीभोवती गडगा घालतात तशी. भिंत उभी राहिली की आत भर टाकायची, मग पुढचा कप्पा. कप्प्याकप्प्याने रास वाढत जाते. असे भाग पाडल्यामुळे कोणत्या भिंतीला कुणाचे हात लागले हे बांधणाऱ्यांना नक्की आठवत असणार. तुमच्या भिंतीत एक दगड डुगडुगतो. एक म्हातारा येतो, काही न बोलता तो काढून घेतो, फिरवून बघतो, उलटा बसवतो आणि त्याच्याखाली एक चपटी चीप सारतो. दगड घट्ट बसतो. म्हातारा पुढच्या भिंतीकडे जातो. मला नेहमी वाटतं की या लोकांचं खरं कसब अशा चिपेत असतं. मोठी शिळा ओढायला माणसं जमवता येतात, चीप कुठे घालायची हे ज्याचं त्याला कळावं लागतं.

पुरी झाल्यावर ही रास पन्नास मीटरहून लांब होईल, पश्चिमेला रुंद आणि पूर्वेला निमुळती होत गेलेली. पश्चिमेच्या रुंद टोकासमोर अंगण आहे. त्या टोकाला भव्य दर्शनी भिंत आहे, पण आत जायला वाट नाही. वाटा आहेत त्या बाजूंनी: एक उत्तरेच्या लांब भिंतीतून, एक दक्षिणेच्या. दोन्ही समोरासमोर. प्रत्येक वाट आत जाऊन काटकोनात वळते आणि उभ्या शिळांच्या एका दालनात संपते. दोन दालनं पाठीला पाठ लावून, मध्ये दगडांची भर. एकाच छपराखाली दोन घरं, आणि एका घरातून दुसऱ्यात जायला दार नाही.

हे असं का, ते बांधणाऱ्यांना पहिल्या दगडापासून माहीत आहे. तुम्हाला ते कळायला वेळ लागेल.

संध्याकाळी जेवायला बसा. वनगाईच्या नव्हे, पाळलेल्या गाईच्या मांसाचा मोठा तुकडा तुमच्या वाट्याला येतो. यांच्या हाडांच्या रासायनिक तपासणीतून पुढे हेच दिसणार आहे: प्राणिज पदार्थ भरपूर खाणारी ही माणसं. गहू आहे, पाट्यावर भरडलेला, पण जीव आहे तो गुरांत. मडक्यात दूध आहे. ते तसंच प्यायला देतील असं समजू नका. मोठेपणी कच्चं दूध पचवण्याची जी क्षमता आज युरोपात बहुतेकांना असते, ती या लोकांच्या अंगी अजून आलेली नाही. तरीही दक्षिण इंग्लंडमधल्या याच काळातल्या मडक्यांच्या खापरांत दुधाची स्निग्धता मुरलेली सापडली आहे. म्हणजे दूध विरजायचं, आंबवायचं, घट्ट करायचं ज्ञान त्यांच्याकडे होतं. मडक्यातून आंबूस वास येतो. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला या अख्ख्या माळावर ओळखीचं वाटेल असं हे एकच काहीतरी.

इथे बारा महिने कुणी राहत नाही. ऋतू पालटला की गुरं हाकत ही माणसं दुसऱ्या मुलखात जातात, किमान चाळीस किलोमीटर पलीकडे, जिथला खडकच वेगळा आहे. लहानपणी दातावर लुकण चढतं तेव्हा खाण्यापिण्यातून आलेलं त्या त्या जमिनीचं स्ट्रॉन्शियम त्यात कायमचं बसतं. यांच्यातल्या बहुतेकांच्या दातांत दोन वेगळ्या मुलखांची खूण आहे. लहान मुलंसुद्धा या वाटेवर चाललेली आहेत. तुम्हीही चाला. चार दिवसांनी पाय सुजले की एक गोष्ट लक्षात येईल: सतत चालणाऱ्या माणसांना एक न हलणारी गोष्ट लागते. घरं लाकडाची, ती कुजतात. शेत कधी ना कधी सोडावं लागतं. गुरं मरतात, विकली जातात, पळवली जातात. दगडांची रास मात्र परत आलं की तिथेच असते, आणि तिच्यात आपली माणसं असतात.

आता काही वर्षं पुढे चला. रास पुरी झालेली आहे आणि तुम्हाला आत यायचं आहे, कारण एक मूल गेलं आहे.

मुलगी आहे. वय फारसं नाही. तिला वडिलांनी उचललंय. वाकून, मग गुडघ्यांवर, मग जवळजवळ पोटावर सरकत ते आत जातात, आणि तुम्ही त्यांच्या मागोमाग. आत हवा थंड आहे, दगडांचा आणि त्याहून वेगळा, जड वास आहे. वाट वळते आणि बाहेरचा उजेड तुटतो. हाताला कोणाची तरी मांडी लागते. म्हणजे मांडीचं हाड. आधी आत ठेवलेल्यांचं मांस केव्हाच गळून गेलंय आणि नव्या माणसाला जागा करताना हाडं बाजूला सारली गेली आहेत. कवट्या भिंतीच्या कडेने. लांब हाडं एकत्र. कुणाची बरगडी कुणाच्या पाठीखाली. आपल्याकडे हे ऐकलं की माणूस शहारतो, मेलेल्याची हेळसांड वाटते. पण त्या बापाचे हात बघा. तो एकेक हाड उचलतो, दोन्ही हातांनी, आणि नीट ठेवतो. तो जे बाजूला ठेवतोय ती त्याच्या आजीची कवटी असेल, भावाचा हात असेल. मेलेल्यांना इथे दूर लोटलेलं नाही, त्यांना हात लावायची सोय ठेवली आहे.

मुलीला तो मध्ये ठेवतो.

ही मुलगी आत आली, हे मनात धरून ठेवा. कारण या घराण्याच्या मोठ्या झालेल्या मुली इथे नाहीत.

हेझलटनच्या रासेत किमान ४१ माणसांचे अवशेष सापडले. त्यांतल्या ३५ जणांचा डीएनए वाचता आला, आणि २०२१च्या डिसेंबरात न्यूकॅसल विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ ख्रिस फाउलर, बास्क प्रदेशातल्या विद्यापीठातले इनिगो ओलाल्दे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये त्याचा निष्कर्ष मांडला. त्या ३५ पैकी २७ जण एकाच घराण्याचे होते, सलग पाच पिढ्यांचे. या पाच पिढ्यांत वारसा पुढे गेल्याचे पंधरा दुवे जुळवता आले आणि पंधराही पुरुषांतून गेलेले आहेत. बाप, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा. आत ज्या मोठ्या बाया आहेत त्या बाहेरून आलेल्या: या घरच्या सुना. घराण्याच्या लेकींपैकी ज्या दोघी आत आहेत त्या बालपणीच गेलेल्या. ज्या जगल्या, वाढल्या, त्यांच्यापैकी एकही नाही.

म्हणून आता बाहेर या आणि सकाळी त्या दुसऱ्या मुलीबरोबर चाला. ही जगली आहे. सोळा-सतरा वर्षांची असेल. लहानपणी हिने याच खाणीतून बारक्या फरश्या वेचल्या, धाकटी बहीण आत नेली तेव्हा ही दाराशी उभी होती. आज ती चालली आहे, तिच्याबरोबर दोन गाई, आणि तिला न्यायला आलेली माणसं टेकडीच्या कडेला थांबली आहेत. आई तिच्यासोबत रासेपर्यंत येते. मुलगी दाराच्या दगडाला हात लावते. या दारातून तिचे भाऊ आत जातील, भावांची मुलं आत जातील, तिची भावजयसुद्धा आत जाईल. ती जाणार नाही. तिची हाडं कुठल्या तरी दुसऱ्या टेकडीवर, दुसऱ्या घराण्याच्या दगडांत, सून म्हणून ठेवली जातील, किंवा आणखी कुठे.

तिला न्यायला आलेली माणसं मी कल्पिली आहेत, गाईही. तिचं इथे नसणं मात्र कल्पनेतलं नाही. पाठवणीच्या वेळी हळद लागलेले हात पाहिलेल्या आपल्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही, आणि म्हणूनच मला ती अस्वस्थ करते. पावणेसहा हजार वर्षांपूर्वी, आपल्यापासून हजारो किलोमीटरवर, आपल्याशी काही संबंध नसलेल्या लोकांनी हाच निवाडा केला होता: लेक मेली तर आपली, जगली तर परक्याची. हे निसर्गाने ठरवलेलं नव्हतं. नवाश्मयुगातल्या सगळ्यांनी तसं ठरवलं होतं असंही नाही. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजच्या थोर थडग्यात, सुमारे पाचशे वर्षांनंतर, एका पुरुषाला मानाची जागा मिळाली, ज्याचे आईबाप एकमेकांचे सख्खे रक्ताचे नातेवाईक होते. तिथले नियम अगदी वेगळे असणार. प्रत्येक रास म्हणजे एका समाजाने घेतलेला एक निर्णय, आणि निर्णय म्हटला की तो दुसऱ्या तऱ्हेनेही घेता आला असता.

आता दोन दारांकडे या.

या घराण्याच्या मुळाशी एक पुरुष आहे आणि त्याला चौघींपासून मुलं झाली. त्या चौघींपैकी दोघींच्या वंशातली माणसं पाचही पिढ्या रासेच्या एकाच अंगाला, दक्षिणेकडे, ठेवली गेली. उरलेल्या दोघींच्या वंशाचा रिवाज उत्तरेचा. वारसा बापाकडून, हे खरं. पण कोणत्या दारातून आत जायचं हे आजीवरून ठरत होतं, पणजीवरून ठरत होतं. आणि ही वाटणी मागाहून झालेली नाही. दोन दालनं बांधतानाच, पहिला कणा आखतानाच ती मनात होती. म्हणजे ज्या दिवशी तुमच्या तळहातांना फोड आले त्या दिवशी त्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं की तो कुणाच्या लेकरांचं घर बांधतोय.

त्या चौघींचं आपसात कसं होतं? एकमेकींशी बोलत होत्या का, एकमेकींच्या मुलांना भरवत होत्या का? दगड ते सांगत नाहीत. दगड इतकंच सांगतात की शंभर वर्षं त्यांना कुणी विसरलं नाही. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं अशा नातवंडांची, पतवंडांची प्रेतं त्यांच्या नावाने डावी-उजवीकडे वळली. लिहायला अक्षर नव्हतं. कुणीतरी ती नावं मुलांना शिकवली असणार, आणि मुलांनी त्यांच्या मुलांना. एका बापाची मुलं आयांवरून ओळखणं आपल्या जुन्या घराण्यांनाही नवं नाही. थोरलीची पाती, धाकटीची पाती, अशा वाटण्या झालेल्या आहेत. फरक एवढा की आपल्याकडे त्या वाटण्यांची आठवण भांडणांतून टिकते. इथे दोन्ही पात्यांनी एकच छप्पर उचललं.

आणखी एका माणसासाठी थोडं थांबा. तुम्ही आलात त्या दिवसापासून तो तुम्हाला दिसतोय, खाणीत, गुरांमागे, जेवताना. तो बाकीच्या भावांसारखा दिसत नाही. त्याची आई इथे नांदायला आली तेव्हा हा तिच्याबरोबर आला, आधीच्या पुरुषापासून झालेला. मग तिला इथल्या पुरुषापासूनही मुलं झाली. तो मरतो तेव्हा दाराशी कुणी अडवत नाही. त्याला आत नेतात, भावांच्या शेजारी. डीएनएत असे चार पुरुष सापडले आहेत, आई या घरची सून आणि बाप बाहेरचा. म्हणजे रक्ताचा हिशेब घालणाऱ्या या घराण्यात रक्त नसलेल्या मुलालाही बाप मिळत होता, आणि बापाबरोबर कबरीत जागा. शिवाय आठ जण असे आहेत की ज्यांचं या घराण्याशी जवळचं रक्ताचं नातं जुळतच नाही. त्यांतल्या तिघी बाया आहेत. एखादी निपुत्रिक सून असेल, एखादीच्या सगळ्या मुली मोठ्या होऊन परघरी गेल्या असतील. उरलेल्यांना कोणत्या नात्याने आत घेतलं असेल? मित्र म्हणून, गुराखी म्हणून, मानलेला भाऊ म्हणून?

मला या रासेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. पोटच्या लेकीला जागा नाही आणि सावत्र लेकाला आहे: यात अन्याय आहे आणि माया आहे, दोन्ही एकाच दारात. यांना साधे, निरागस, निसर्गाच्या कुशीतले लोक म्हणणाऱ्यांनी यांच्याकडे नीट पाहिलेलं नाही. आणि यांना रानटी म्हणणाऱ्यांनी त्या चार मुलांकडे पाहिलेलं नाही. हिंसा त्या काळात होती. इथून फार लांब नसलेल्या क्रिकली हिलच्या वस्तीवर पुढे बाणांचा वर्षाव होणार आहे, शेकडो गारगोटी बाणाग्रं तिथे पडलेली सापडली. तशा जगात परक्याच्या मुलाला आपलं म्हणणं सोपं नसतं.

पिढ्या जातात. एका दिवशी उत्तरेच्या वाटेतले दगड खचतात आणि आतलं दालन बंद होतं. ते पुन्हा उघडायचा उद्योग कुणी करत नाही. आता उत्तरेच्या पातीतले काही जण दक्षिणेच्या दारातून आत जातात. गरज पडली तेव्हा रिवाज वाकला. पण सगळेच नाही. शेवटच्या काही जणांपैकी एकाला उत्तरेच्या तोंडाशीच ठेवतात, खचलेल्या भागाच्या अलीकडे. या वेळी हाडं सारली जात नाहीत, पूर्ण देह तसाच राहतो. त्याच्या उजव्या कोपराशी गारगोटीचा एक गाभा आहे, ज्याच्यावरून कपच्या काढायच्या तो, आणि डाव्या हाताशी ठोकायचा दगड. गारगोटी या टेकड्यांवर मिळत नाही, ती दक्षिणेकडच्या खडूच्या डोंगरांतून आणावी लागते. तरीही एवढा चांगला गाभा त्याच्याबरोबर दिला. तुम्ही त्याला काम करताना पाहिलं असेल तर तुम्हाला कारण विचारावं लागणार नाही.

त्यानंतर, इ.स.पू. ३६२०च्या सुमारास, इथे कुणालाच आणत नाहीत. सगळा व्यवहार जेमतेम शंभर वर्षांचा. जी रास पाहून आपण अनादि काळाच्या गोष्टी बोलतो ती पणजोबापासून पणतूपर्यंतच्या आठवणीएवढीच वापरात होती. पुढे हजारेक वर्षांनी, इ.स.पू. २४५०नंतर, खंडातून नवे लोक येतील, आणि काही शतकांत या बेटावरच्या लोकांच्या वंशातला सुमारे नव्वद टक्के भाग बदलून जाईल. या माणसांचं रक्त आजच्या इंग्रजांत फारच थोडं उरलं आहे. म्हणजे त्या रासेत झोपलेल्यांना ‘आमचे पूर्वज’ म्हणायला आज फारसं कुणी नाही.

आता परत या, पण वाटेत १९७९ साली उतरा. हेझलटनच्या शेतात नांगर दरवर्षी रासेचा एकेक थर कापत चालला आहे. ॲलन सॅव्हिल नावाचा पुरातत्त्वज्ञ ठरवतो की नांगराने संपवण्यापूर्वी ही रास पूर्ण खणून नोंदवायची. १९८२पर्यंत काम चालतं. कप्पा न् कप्पा, भिंत न् भिंत मोजली जाते, प्रत्येक हाड कुठे होतं ते आराखड्यावर उतरवलं जातं, आणि १९९० साली सगळा अहवाल छापून होतो. उत्खनन झालेली रास आज त्या शेतात उभी नाही. हाडं सायरेन्सेस्टरच्या कोरिनियम संग्रहालयात गेली. सॅव्हिल खणत होता तेव्हा प्राचीन हाडांतून डीएनए वाचता येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. चाळीस वर्षांनी ते शक्य झालं तेव्हा हाडं पेट्यांत नीट होती आणि कोणतं हाड कुठल्या दालनातलं हे कागदावर होतं. ती नोंद नसती तर २७ नातेवाईक सापडले असते, दोन दारांचा अर्थ मात्र कधीच लागला नसता.

हे मी मराठीत का लिहितोय, त्याला एक कारण आहे. १८६७ साली नागपूरजवळ जुनापाणी इथे रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने दगडांची वर्तुळं उकरली. तिथे अशी सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. त्यांच्या दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले पाहून त्याला ब्रिटनमधल्या दगडांवरच्या तशाच खुणा आठवल्या आणि त्याने ती तुलना लिहून ठेवली. दोन्हींचा संबंध नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. विदर्भातली वर्तुळं लोखंडाच्या काळातली, हेझलटनहून जवळजवळ तीन हजार वर्षांनी लहान. पण माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड आणि इतर कितीतरी ठिकाणी तीही मेलेल्यांसाठी, जिवंत माणसांनी, हाताने दगड वाहून बांधलेली आहेत. तिथेही कुणाला आत घेतलं आणि कुणाला नाही याचा निवाडा झालेला असणार. त्यांतली बरीच वर्तुळं आज शेतात, मुरुमाच्या खाणीशेजारी, नव्या रस्त्यांच्या आखणीत आहेत.

इंग्लंडला गेलात तर कोरिनियम संग्रहालयात जा, आणि तिथून विंचकम गावाजवळच्या बेलास नॅपला. त्याच घडणीची रास तिथे उभी आहे आणि तिच्याजवळ चालत जाता येतं. नागपूरला असाल तर जुनापाणीला जा. आणि तुमच्या किंवा तुमच्या गावाच्या जमिनीत दगडांचं वर्तुळ असेल तर त्यातला एकही दगड हलवू नका, बांधासाठी नाही, पायासाठी नाही, गुप्तधनाच्या आशेने तर नाहीच. पुरातत्त्व खात्याला कळवा, आणि ते येईपर्यंत नांगर चार हात लांबून वळवा.